ट्रेलरला गाईड पोस्ट लावा, पण आधी ओळंबा सोडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बोट १९ फुटी बोरायडर (पुढच्या टोकातही बसायची जागा असलेली), ट्रेलर एका ॲक्सलचा, बंकवाला, म्हणजे बोट गालिचा गुंडाळलेल्या लांब फळ्यांवर टेकते. जॉर्जियातल्या लेक लेनियर तलावावर दिवस मजेत जातो. पण संध्याकाळी रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात सोडायच्या उतारावर, आलं की वारा आडवा, मागे रांग, आणि बोट ट्रेलरवर दर वेळी तिरकी बसते. तीन-तीनदा परत पाण्यात ढकलावी लागते, आणि घरी जाताना गाडीत कोणी कोणाशी बोलत नाही. शेजाऱ्याने गाईड पोस्ट लावायला सांगितलंय. तर त्याने काम होईल का, कुठले घ्यावेत, आणि घरच्या घरी बसवता येतील का?

लावा. घरीच बसवा, एका शनिवारचं काम आहे. फक्त एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तुमची बोट तिरकी बसते त्याला निम्मं कारण वारा आहे आणि निम्मं कारण तुम्ही ट्रेलर जास्त खोल नेता हे आहे. पाठवलेल्या फोटोत फेंडर (चाकांवरचे पत्रे) दिसतच नाहीत, पूर्ण बुडालेत. वाऱ्याच्या वाट्याचं काम पोस्ट करतील, खोलीच्या वाट्याचं करणार नाहीत. त्याकडे शेवटी येतो.

मी हर्णैचा. आमच्याकडे होडी वर काढायची म्हणजे खाली लाकडी ओंडके, दोन्ही बाजूंना पाच-सहा माणसं, आणि एकाने ओरडायचं. होडी डावीकडे कलली की डावीकडची माणसं खांदा लावत, उजवीकडे गेली की उजवीकडची. अमेरिकेत आल्यावर पहिली बोट घेतली तेव्हा कळलं की ते खांदेच इथे नाहीत. एक माणूस बोटीत, एक माणूस गाडीत, आणि बोटीची मागची बाजू वाऱ्याच्या मर्जीवर. गाईड पोस्ट म्हणजे ते खांदे, ट्रेलरच्या मागच्या टोकाला दोन बाजूंना कायमचे उभे केलेले. लोखंडी नळी, तिच्यावर सैल बसणारा पीव्हीसीचा पाइप. बोट टेकली की पाइप जागच्या जागी फिरतो, म्हणून जेलकोटला (बोटीच्या बाहेरच्या गुळगुळीत थराला) ओरखडा येत नाही.

त्यांचा दुसरा उपयोग मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो, आणि तो बोट ट्रेलरवर येण्याआधीच सुरू होतो. रिकामा ट्रेलर रॅम्पवरून उतरायला लागला की उतारामुळे एसयूव्हीच्या मागच्या काचेतून दिसेनासा होतो. तो दिसेपर्यंत वाकडा होऊन गेलेला असतो. पोस्ट असले की दोन पांढऱ्या काठ्या दोन्ही आरशांत कायम उभ्या दिसतात. ज्या आरशात काठी मोठी दिसायला लागली, त्या बाजूला ट्रेलर चाललाय. स्टिअरिंग त्याच आरशाकडे जरासं फिरवायचं, ट्रेलर सरळ होतो. लायसन्सच्या परीक्षेलाही मला इतका घाम आला नव्हता जितका रिकामा ट्रेलर मागे घेताना यायचा. तो प्रकार या काठ्यांनी संपवला.

आता मापं. सगळी मेख इथे आहे, आणि बाजारात मिळणाऱ्या किटच्या कागदावर याबद्दल दोन ओळींपेक्षा जास्त काही नसतं.

आधी बोट ट्रेलरवर सरळ बसलीय याची खात्री करा. हे हसण्यावारी नेऊ नका, माझी पहिली चूक हीच होती. बोट ट्रेलरवर उभी होती, ती मधोमधच असणार असं धरून मी रबरेलपासून (बोटीच्या वरच्या कडेची रबरी पट्टी) माप घेतलं आणि पोस्ट आवळून टाकले. बोट प्रत्यक्षात दीड इंच डावीकडे होती. म्हणजे तिरकेपणाच मी बोल्ट लावून पक्का केला. अख्खा सीझन बोट इमानदारीत त्याच तिरक्या जागी येऊन बसत होती, आणि हायवेवर डाव्या पोस्टला घासून हाताच्या तळव्याएवढा जेलकोट पांढरा पडला.

म्हणून दोरी घ्या. कपलरच्या (ट्रेलर गाडीला जोडतो तो भाग) मधोमध एक टोक बांधा, दुसरं मागच्या आडव्या पट्टीच्या मध्यावर. ही ट्रेलरची मध्यरेषा. आता बोटीच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांतून रबरेलच्या बाहेरच्या कडेवरून ओळंबा सोडा. घरी ओळंबा नसेल तर दोऱ्याला जड नट बांधला तरी चालतो. दोन्ही ओळंबे मध्यरेषेपासून सारख्या अंतरावर पडले पाहिजेत. नाही पडले तर पुढच्या वेळी तलावावर बोट सरळ बसवून आणा, तोवर पोस्टला हात लावू नका. ट्रेलर सपाट जमिनीवर आणि टायरमध्ये हवा सारखी हवी, नाहीतर ओळंबा खोटं बोलतो.

दुसरं माप रुंदीचं. इथे बहुतेक जण बोटीच्या मागच्या कडेची रुंदी मोजतात, कारण घरी उभ्या असलेल्या बोटीत पोस्ट मागच्या कडेशीच येतात. पण बोट आत येते पुढून. मागची बाजू पोस्टपाशी पोहोचायच्या आधी बोटीचं सर्वांत रुंद अंग त्यांच्यामधून जावं लागतं. अनेक बोरायडर मध्यावर रुंद आणि मागे किंचित निमुळत्या असतात. माझीचंच सांगतो: मध्यावर ९२ इंच, मागे ९०. मागच्या मापाने पोस्ट लावले असते तर बोट अर्ध्यात येऊन पाचर मारल्यासारखी अडकली असती. मी ९२ धरले आणि दोन्ही बाजूंना एकेक इंच मोकळा ठेवला. म्हणजे दोन पोस्टच्या आतल्या बाजूंमध्ये ९४ इंच. बोट जागेवर बसली की मागे दोन्हीकडे दोन-दोन इंच जागा राहते. ती हवीच. प्रवासात बोट पोस्टला टेकता कामा नये.

याच हिशेबात रस्त्याची रुंदीही बघून घ्या. दोन इंची म्हणून मिळणारा पीव्हीसी पाइप बाहेरून २.३७५ इंच असतो. दोन बाजूंचे मिळून पावणेपाच. ९४ अधिक पावणेपाच, म्हणजे पावणेनव्याण्णव. इथे वेगळ्या परवान्याशिवाय रस्त्यावर न्यायची मर्यादा साधारण १०२ इंच, म्हणजे ८ फूट ६ इंच. मी सुटलो, तुमच्या १९ फुटीत तुम्हीही बहुधा सुटाल. पण कोणाची बोटच १०२ इंचांची असेल तर रबरेलच्या बाहेर उभे पोस्ट लावायला जागाच उरत नाही. त्यांनी बाजूचे बंक लावावेत. म्हणजे गालिचा गुंडाळलेल्या लांब फळ्या, रबरेलच्या खाली, बोटीच्या अंगालगत. बोट नेमकी बसवायला त्या पोस्टपेक्षाही सरस, कारण बोट एका बिंदूवर न टेकता तीन-चार फुटांवर टेकते. पण त्या पाण्याखाली जातात, गाडीतून दिसत नाहीत. तुमची अडचण वाऱ्याची आणि न दिसणाऱ्या ट्रेलरची आहे, तेव्हा तुमच्यासाठी पोस्टच.

तिसरं माप उंचीचं, आणि यात माझी दुसरी चूक. मी ४० इंची पोस्ट घेतले होते. बोट ट्रेलरवर असताना रबरेल फ्रेमपासून ३८ इंचांवर होतं. म्हटलं, दोन इंच वर येतायत, झालं. पण पाण्यात बोट बंकवर नसते, तरंगत असते. ट्रेलर खोल गेला की बोट बंकपासून सहा-आठ इंच सहज वर उचललेली राहते. म्हणजे ऐन वेळी माझ्या पोस्टची टोकं रबरेलच्या खाली होती. एका रविवारी कोणाच्या तरी मोठ्या बोटीची लाट रॅम्पपर्यंत आली, माझी बोट आणखी वर गेली, वाऱ्याने बाजूला सरकली, आणि लाट ओसरल्यावर रबरेल नेमकं पोस्टच्या डोक्यावर येऊन बसलं. अख्ख्या बोटीचं वजन एका पाइपवर. पोस्ट वाकला, रबरेल फाटलं, आणि मागच्या रांगेतल्या लोकांना चर्चेला विषय मिळाला.

तेव्हापासून माझा हिशेब असा: फ्रेमपासून रबरेलपर्यंतची उंची, अधिक आठ इंच तरंगण्याचे, अधिक सहा इंच लाटेचे. ३८ इंचांना ५२ होतात, म्हणून ६० इंची पोस्ट घेतले. थोडे उंच झाले तर बिघडत नाही, उलट आरशात चांगले दिसतात. आखूड पोस्ट मात्र नसलेल्या पोस्टपेक्षा वाईट. घरी बोटीवर कव्हर घालताना उंच पोस्ट आड येतात ही एक तक्रार खरी आहे, तेवढी सोसा.

जागा कुठली? चाकांच्या मागे, बंकच्या मागच्या टोकापासून फूट-दीड फूट पुढे. फार पुढे घेतले तर मागची बाजू मोकळी राहते आणि वारा तिलाच ढकलतो. 

बसवणं सोपं आहे. बहुतेक पोस्ट काटकोनात वळवलेले असतात: आडवा भाग ब्रॅकेटमध्ये सरकतो, त्यावरून रुंदी ठरते, उभा भाग वर जातो. ब्रॅकेट फ्रेमला चौकोनी यू-बोल्टने धरायचं. यू-बोल्ट फ्रेमच्या मापाचे हवेत, तेव्हा दुकानात जायच्या आधी फ्रेमची रुंदी आणि उंची दोन्ही मोजून न्या. एका ब्रॅकेटला दोन यू-बोल्ट असलेलाच प्रकार घ्या. तुमची बोट फ्रेमपेक्षा रुंद असल्याने आडवा हात बराच बाहेर येतो, आणि पोस्टच्या वरच्या टोकाला बोटीने ढकललं की खाली जबरदस्त पीळ बसतो. एका यू-बोल्टवरचं ब्रॅकेट पहिल्याच जोरदार वाऱ्यात फिरतं.

फ्रेमला भोकं पाडू नका. गॅल्व्हनाइज्ड फ्रेमवरचा जस्ताचा थर भोकाच्या कडेला उघडा पडतो आणि गंज तिथूनच आत शिरतो. नळी कापावी लागलीच तर कापलेल्या तोंडावर जस्ताचा स्प्रे मारा. यू-बोल्ट आवळण्याआधी फ्रेमच्या आतून-खालून हात फिरवून बघा, ब्रेकची नळी किंवा दिव्यांची वायर मधे चेंगरत नाही ना. चेंगरलेली वायर दोन महिन्यांनी रात्री हायवेवर जाणवते. ट्रेलर ॲल्युमिनियमचा असेल तर स्टीलचं ब्रॅकेट थेट त्याला लावू नये, मधे प्लास्टिकची किंवा रबराची पट्टी द्यावी. दोन वेगळे धातू पाण्यात चिकटून राहिले की ॲल्युमिनियम हळूहळू पिठासारखं पांढरं होऊन झिजतं. गोड्या पाण्यात हे सावकाश होतं. पण कधीतरी तुम्ही सॅव्हानाकडे समुद्रावर जाणारच, आणि खाऱ्या पाण्याला धीर नसतो.

पीव्हीसी पाइप डिंक लावून पक्का करू नका, तो फिरला पाहिजे. आतली नळी दीड इंची असेल तर ती बाहेरून १.९ इंच भरते, आणि दोन इंची शेड्यूल ४० (जाडीचा एक प्रकार) पाइपचं आतलं माप दोनच्या किंचित वर. मधे बरोबर फिरण्यापुरती फट राहते. वर टोपी बसवून एक छोटा स्क्रू फक्त टोपीला आणि पाइपला मारा, आतल्या नळीला नाही. खाली पाणी निघून जायला भोक ठेवा.

दिव्यांचं थोडक्यात. पोस्टच्या डोक्यावर एलईडी लावता येतात, आणि संध्याकाळी परतणाऱ्यांनी ते जरूर लावावेत. दिवे पाण्याबाहेर राहतात आणि अंधारात दोन टोकं लखलखीत दिसतात. ट्रेलरच्या वायरिंगमध्ये तपकिरी वायर टेललाइटची, पांढरी ग्राउंडची. प्रत्येक दिव्याचं ग्राउंड वेगळ्या वायरने त्या पांढऱ्यापर्यंत न्या. फ्रेमवर भरवसा ठेवला की ब्रॅकेटच्या सांध्यात गंज येतो आणि दिवे मूडप्रमाणे लागतात. खर्च म्हणाल तर पोस्टचा बरा जोड शंभर ते दोनशे डॉलरच्या घरात येतो, दिव्यांचे पैसे वेगळे.

आता तो फोटो. पोस्ट लावले की माणूस निर्धास्त होतो आणि ट्रेलर आणखीच खोल नेतो, हे मी अनेकांचं बघितलंय. बंकचं काम बोटीच्या व्ही आकाराच्या तळाला मधोमध आणण्याचं आहे, पण बंक तळाला लागले तरच ते होणार. ट्रेलर खोल असला की बोट बंकच्या वर मोकळी तरंगते. नाळ (बोटीचं पुढचं टोक) विंचपाशी (ट्रेलरवरचं बोट ओढायचं चक्र) पोहोचते, तुम्ही हुक लावता, सगळं छान दिसतं. मग गाडी वर येते, बोटीची मागची बाजू हळूहळू खाली बसते, आणि त्या क्षणी वाऱ्याने ती जिथे नेली असेल तिथेच बसते. पोस्ट असले तर ती चूक एक-दोन इंचांवर थांबते, एवढंच.

त्यापेक्षा असं करा. ट्रेलर आधी बंक पूर्ण भिजेपर्यंत आत न्या, म्हणजे गालिचा ओला होऊन सरकायला लागतो. मग गाडी पुढे घ्या, बंकचा पुढचा एक तृतीयांश भाग कोरडा दिसेपर्यंत. तुमच्या ट्रेलरला तेव्हा फेंडरचा माथा पाण्याच्या जवळपास असेल. बोट आत आली की पुढचा तळ बंकला लागतो आणि नाळ आपोआप मध्यावर येते. मागची बाजू तरंगती राहते, तिला पोस्ट सांभाळतात. शेवटचे एक-दोन फूट विंचने ओढा. इंजिनचा जोर लावून बोट वर चढवू नका. पंख्याच्या झोताने रॅम्पच्या टोकाची माती वाहून जाते आणि तिथे खड्डा पडतो. कितीतरी रॅम्पवर याला बंदी आहे. पाणी कमी असताना ट्रेलरची चाकं त्याच खड्ड्यात उतरतात. लेनियरची उन्हाळ्यातली पूर्ण पातळी १०७१ फूट. २००७ च्या दुष्काळात ती १०५१ च्याही खाली गेली होती. पाणी वीस फूट उतरलं की काँक्रीट कुठे संपतं हे प्रत्येकाला मागच्या चाकाने कळतं.

माझी एक युक्ती. नेहमीच्या रॅम्पवर ट्रेलर बरोबर खोलीला असताना पोस्टवर पाण्याच्या रेषेशी लाल चिकटपट्टी गुंडाळा. पुढच्या वेळी आरशात पाणी पट्टीला लागलं की ब्रेक. बंक भिजले की नाही, फेंडर कुठे आहे, हे बायकोने ओरडून सांगायची गरज उरत नाही. रॅम्पचा उतार बदलला की पट्टी थोडी खोटी ठरते, पण दोन-चार इंचांपलीकडे नाही.

आणि आडवा वारा. रॅम्पच्या सरळ रेषेत येऊ नका. वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला जरा वरून सुरुवात करा, म्हणजे वारा तुम्हाला ट्रेलरकडे आणतो. वेग इतका ठेवा की सुकाणू ऐकेल, फार कमी केला तर बोट पानासारखी वाहते. नाळ दोन पोस्टच्या आत शिरली की न्यूट्रल. मग बोट वाऱ्याखालच्या पोस्टला टेकू द्या. तिथे लोक घाबरून सुकाणू उलटं फिरवतात आणि मागची बाजू बाहेर फेकतात. काही फिरवू नका. ती टेकायलाच पोस्ट लावलेत. त्याच्या आधाराने बोट सरकत आत येते, पाइप फिरतो, तुम्ही विंचचा हुक लावता.

पोस्टला बोट बांधून ठेवू नका, आणि पोस्ट आहेत म्हणून मागचे पट्टे सोडून निघू नका. नाळेची साखळी आणि मागचे दोन पट्टे नेहमीप्रमाणेच. पहिली फेरी आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी करा, वारा आणि प्रेक्षक दोन्ही कमी असतात. घरी आल्यावर यू-बोल्टचे नट पुन्हा आवळा, पहिल्या फेरीत ते हमखास थोडे बसतात.

हे सगळं करायच्या आधी एकच बघा. फोटोत तुमच्या डाव्या बंकचं मागचं टोक उजव्यापेक्षा अर्धा-पाऊण इंच खाली दिसतंय. ब्रॅकेट सरकलं असेल किंवा आतलं लाकूड कुजलं असेल. गालिच्यावरून स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. मऊ लागलं तर फळी बदला आणि मग ओळंबा सोडा.